हॉबिट : तीन चित्रपटांत हरवलेला बिल्बो

सहकारनगरकर

दिग्दर्शक पीटर जॅक्सनने टॉल्कीनच्या 'द हॉबिट' या पुस्तकाचं जे केलं त्याचा मला अजून राग आहे. २०१२, २०१३ आणि २०१४ असे लागोपाठ तीन डिसेंबर तीन चित्रपट आले, जगभर तुफान चालले, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक मुलांना आता हॉबिट म्हटलं की लढायाच आठवतात. पुस्तक त्यांनी हातात धरलेलं नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि नंतर त्यांच्याच हट्टाखातर क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टरवर चित्रपट लावले. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बिल्बो बॅगिन्स हा खाऊनपिऊन सुखी, घरकोंबडा हॉबिट. माणसाच्या निम्मी उंची, पायांवर दाट केस, जमलं तर दिवसातून दोनदा जेवायचं. गॅन्डाल्फ नावाचा जादूगार त्याला ड्वार्फांचा म्होरक्या थोरिन आणि त्याच्या बारा साथीदारांबरोबर (ड्वार्फ म्हणजे डोंगरात राहणारे बुटके लोक) मोहिमेवर धाडतो. दूरच्या एका डोंगरात स्मॉग नावाचा ड्रॅगन ड्वार्फांचा खजिना बळकावून बसलाय, तो परत मिळवायचाय. बिल्बोची नेमणूक चोर म्हणून! एकूण १९ प्रकरणं, तीनेकशे पानं. चित्रपट मात्र तिन्ही मिळून ४७४ मिनिटांचे, म्हणजे जवळजवळ आठ तास. वाटीभर आमटी पंगतीला पुरवायची म्हणून पाणी ओतत गेलेत.

पण नुसत्या लांबीसाठी मी एवढं लिहायला बसले नसते. या गोष्टीत बिल्बो एकट्याने जे जे करतो, ते ते चित्रपटांनी त्याच्या हातून काढून घेतलं आणि तलवार फिरवणाऱ्यांना देऊन टाकलं, हे माझं खरं दुखणं.

मर्कवूडचं जंगल घ्या. पुस्तकात बिल्बोला मिट्ट काळोखात जाग येते तेव्हा एक महाकाय कोळी त्याचे पाय जाळ्याने बांधत असतो. गॅन्डाल्फ सोबत नाही, ड्वार्फ कुठे आहेत पत्ता नाही. तो आपल्या छोट्या तलवारीने त्या कोळ्याला मारतो आणि तिथेच तलवारीला 'स्टिंग' असं नाव देतो. मग अंगठी घालून अदृश्य होतो, कोळ्यांना दगड मारतो, चिडवणारी गाणी रचून गातो, त्यांना लांब भुलवून नेतो आणि परत येऊन टांगलेल्या ड्वार्फांना एकेक करून सोडवतो. या क्षणापासून ड्वार्फ त्याला मानायला लागतात. चित्रपटात सुरुवात तोच करतो, पण लगेच त्याची अंगठी पडते, तो ती शोधायला लागतो आणि उरलेलं काम लेगोलास आणि टॉरिएल हे दोन एल्फ, म्हणजे जंगलात राहणारे देखणे योद्धे, येऊन उरकतात. लेगोलास या पुस्तकात मुळीच नाही. टॉरिएल तर टॉल्कीनने कुठेच लिहिलेली नाही.

आणि बोगदा. माझ्यासाठी तो या पुस्तकाचा गाभा आहे. बिल्बो ड्रॅगनच्या दालनाकडे जाणाऱ्या बोगद्यातून एकटाच उतरत असतो. समोर तांबूस उजेड वाढत चाललेला, वाफ येतेय, उकाडा वाढतोय, घोरण्यासारखी घरघर ऐकू येतेय. तिथे तो थांबतो. टॉल्कीन म्हणतो की तिथून पुढे पाऊल टाकणं हीच बिल्बोच्या आयुष्यातली सगळ्यात शूर गोष्ट. पुढे जे काही प्रचंड घडलं ते त्यापुढे काहीच नाही. खरी लढाई तो त्या बोगद्यातच लढला, ड्रॅगन दिसायच्याही आधी. हे वाचून दाखवलं तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तो परत आला असता आणि ड्रॅगन दिसलाच नाही म्हणाला असता, तरी कोणाला कळलं नसतं." तिला जे समजलं ते पडद्यावर आलंच नाही. चित्रपटात बालिन या ड्वार्फशी थोडं बोलणं होतं आणि बिल्बो सोन्याच्या ढिगाऱ्यावर हजर. त्या मुलीने मला विचारलं, "तो थांबला कुठे?"

त्याऐवजी काय आहे? ड्वार्फ आत शिरून भट्ट्या पेटवतात, थोरिन वितळलेल्या सोन्यावरून ढकलगाडीत बसून वाहत जातो, सोन्याचा प्रचंड पुतळा ओततात, तो ड्रॅगनवर कोसळतो, आणि ड्रॅगन अंग झटकून उडून जातो. एवढ्या खटाटोपातून गोष्ट तसूभरही पुढे सरकत नाही. पुस्तकात यातलं काही नाही.

तुम्हाला काय वाटतं?

कातळकडा

शब्दाशब्दाला सहमत. बोगद्याबद्दल वाचून बरं वाटलं, कारण चित्रपटाबद्दल बोलताना लोक ड्रॅगन किती भव्य दिसतो इथेच थांबतात. दिसतो भव्यच, आणि बेनेडिक्ट कंबरबॅचचा आवाजही जबरदस्त. पण पुस्तकात बिल्बो पहिल्या खेपेला गुपचूप एक दोन कानांचा पेला उचलून आणतो आणि दुसऱ्या खेपेला स्मॉगशी बोलतो. पहिली खेप चोराची, दुसरी गप्पिष्टाची. दुसऱ्या खेपेत तो स्मॉगची इतकी स्तुती करतो की फुशारकीच्या भरात स्मॉग स्वतःच उताणा होऊन आपली हिऱ्यामाणकांनी मढलेली छाती दाखवतो. डावीकडची उघडी जागा बिल्बोला तेव्हा दिसते. ती खबर एका म्हाताऱ्या कस्तुर पक्ष्याच्या कानावर पडते, तो पक्षी उडत जाऊन जवळच्या गावातल्या बार्ड या धनुर्धाऱ्याला सांगतो, आणि बार्ड शेवटच्या काळ्या बाणाने नेम साधतो. म्हणजे ड्रॅगन मेला तो बिल्बोच्या जिभेने. किती सुंदर साखळी आहे!

चित्रपटात ते खवलं बार्डच्या पूर्वजाने आधीच उडवून ठेवलेलं. बिल्बोला ते दिसतं, पण त्याने काही फरक पडत नाही. पक्षी गायब. बार्ड मुलाच्या खांद्यावर बाण ठेवून मारतो. सगळी साखळी तोडून टाकली.

फ्रेमबायफ्रेम

मी संकलनाचं काम करतो, त्यामुळे हे असं का झालं याबद्दल थोडं लिहितो.

चित्रपट मुळात जॅक्सन करणारच नव्हता. गिएर्मो देल तोरो दोन वर्षं तयारी करत होता आणि २०१० च्या मे महिन्यात तो बाहेर पडला. मग जॅक्सनने दिग्दर्शन अंगावर घेतलं, पण टॉल्कीनच्याच पुस्तकावरच्या त्याच्या आधीच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांच्या वेळी तयारीला मिळाला होता तसा वेळ मिळाला नाही. चित्रीकरण मार्च २०११ मध्ये सुरू झालं. तिसऱ्या भागाबरोबर आलेल्या माहितीपटात तो स्वतः सांगतो की बरंच काही पुरेशा पूर्वतयारीविना चित्रित होत होतं. मूळ योजना दोन चित्रपटांची. तिसऱ्याची घोषणा झाली जुलै २०१२ च्या अखेरीस, मुख्य चित्रीकरण आटोपल्यावर, पहिला भाग प्रदर्शित व्हायला पाच महिने उरलेले असताना!

त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. दोन चित्रपटांत बसवलेली गोष्ट तिघांत फाडली की तुकडे भलत्याच ठिकाणी पडतात. स्मॉग दुसऱ्या भागाच्या शेवटी गावाकडे झेपावतो आणि तिथेच पडदा पडतो. तिसऱ्यात नावाची पाटी यायच्या आत तो मरतो. वर्षभर ताणलेली दोरी पहिल्या काही मिनिटांत सोडून दिली, मग पुढचे दोन तास प्रेक्षकाने कशाची वाट बघायची? उरली ती पाच सैन्यांची लढाई. पुस्तकात तिला काही पानं आहेत, इथे ती पाऊण तास चालते.

अजून एक. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये फ्रोडो हा हॉबिट बुटका आणि गॅन्डाल्फ उंच दिसायचा तो बऱ्याचदा साध्या दृष्टिभ्रमाने. एकाला कॅमेऱ्याजवळ बसवायचं, दुसऱ्याला मागे. हॉबिट थ्रीडीत चित्रित केला. दोन भिंगांना खोली कळते, त्यामुळे ही युक्ती बाद झाली. बऱ्याच प्रसंगांत गॅन्डाल्फ झालेल्या इयन मॅकेलनना हिरव्या पडद्यापुढे एकट्याने अभिनय करावा लागला, समोर माणसांऐवजी काठ्यांवर लावलेले ड्वार्फांचे फोटो. त्या एकटेपणाने त्यांना सेटवर रडू कोसळलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. माणसं एकमेकांकडे बघत नसली की ते पडद्यावर उतरतंच.

आणि सेकंदाला ४८ फ्रेम. नेहमीचा वेग २४. इथे प्रत्येक फ्रेम १/६४ सेकंद उघडी, एरवी १/४८. हालचालीतला धूसरपणा कमी होतो, सगळं लख्ख दिसतं, आणि रंगवलेली भिंत रंगवलेली म्हणूनच दिसते. परीकथेला थोडा धूसरपणा हवा असतो.

शेवंती

मी थोडी वेगळ्या बाजूने लिहिते. मी पहिला भाग विद्यापीठ रस्त्यावरच्या ई-स्क्वेअरला पाहिला तेव्हा कॉलेजात होते आणि टॉल्कीनचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. थोरिनच्या आवाजातलं ते डोंगराचं गाणं ऐकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून पुस्तक आणलं. माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील. चित्रपट नसता तर मी या गोष्टीपर्यंत पोचलेच नसते.

टॉरिएलबद्दलही. संपूर्ण पुस्तकात एकही स्त्री पात्र संवाद म्हणत नाही. तेरा ड्वार्फ, जादूगार, हॉबिट, ड्रॅगन, राजे, सगळे पुरुष. आज मुलींना ही गोष्ट दाखवायची तर कोणीतरी हवं होतं, आणि इव्हांजेलिन लिलीने काम छान केलंय. माझी तक्रार एवढीच, की तिला आणल्यावर किली या ड्वार्फच्या प्रेमात पाडण्यापलीकडे तिला देण्यासारखं यांच्याकडे काही नव्हतं.

बिल्बो झालेल्या मार्टिन फ्रीमनला मात्र मी पूर्ण मार्क देते. तिसऱ्या भागात थोरिनला सोन्याचं वेड लागलेलं असतं, तो बिल्बोला दरडावून विचारतो हातात काय आहे, आणि बिल्बो मूठ उघडतो तर आत ओकचं एक छोटं फळ. घरी नेऊन बागेत लावायला ठेवलेलं. क्षणभर थोरिनच्या चेहऱ्यावर जुना थोरिन परत येतो. हे पुस्तकात नाही आणि तरी पुस्तकाच्या मनातलं आहे.

सहकारनगरकर

शेवंती, तो प्रसंग मलाही फार आवडतो. आणि म्हणूनच जास्त चुटपुट लागते. इतका चांगला बिल्बो मिळाला होता त्यांना! फ्रीमनचा चेहरा नुसता जवळून दाखवला तरी बोगद्याचा प्रसंग उभा राहिला असता. तंत्र नको, पैसा नको.

टॉरिएलबद्दल तुझं म्हणणं पटतं. पात्र वाढवायला माझा विरोध नाही. पण तिला आणून बिल्बोचंच काम तिच्याकडे दिलं. तिला स्वतःचं काम द्यायचं ना.

@फ्रेमबायफ्रेम, तुमचा प्रतिसाद वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. तयारीला वेळ नसला की माणूस जे हातखंडा येतं तेच करतो, आणि जॅक्सनचा हातखंडा म्हणजे लढाया.

जुनीपेठ

मी सत्तरीच्या पलीकडचा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून हे पुस्तक आणून मी माझ्या मुलाला वाचून दाखवलं होतं, आणि आता नातीला दाखवतो. त्यामुळे माझा मुद्दा वाचण्याबद्दल आहे.

हे पुस्तक कानांसाठी लिहिलेलं आहे. टॉल्कीन ऑक्सफर्डला प्राध्यापक, उत्तरपत्रिका तपासता तपासता एका कोऱ्या पानावर त्याने पहिलं वाक्य लिहिलं, आणि घरी ही गोष्ट आपल्या मुलांना वाचून दाखवली. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. त्याने एका शिलिंगाच्या बिदागीवर अभिप्राय लिहिला की पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना हे आवडेल. १९३७ च्या सप्टेंबरात पुस्तक आलं आणि पहिली १,५०० प्रतींची आवृत्ती नाताळाच्या आधी संपली. दहा वर्षांच्या मुलाने पास केलेली ही गोष्ट आहे. तिच्या चित्रपटात मुंडकी उडताना दाखवतात, हे मला पटत नाही.

गोष्ट सांगणारा माणूस पानोपानी भेटतो. मधेच थांबून मुलांशी बोलतो, पुढचं थोडंसं सांगून ठेवतो, पात्रांची काळजी करतो. आपल्याकडे कीर्तनकार कथेतून बाहेर येऊन श्रोत्यांशी बोलतो आणि परत कथेत शिरतो, अगदी तीच रीत. चित्रपटात सुरुवातीला म्हातारा बिल्बो थोडं निवेदन करतो, पण तो सगळा इतिहास आधीच ओतून टाकतो. डोंगरातलं राज्य, खजिना, ड्रॅगनचा हल्ला, सगळं पहिल्या काही मिनिटांत. पुस्तकात बिल्बोला हे कळतं अंधारलेल्या दिवाणखान्यात, ड्वार्फांच्या गाण्यातून. गाणं ऐकता ऐकता त्याच्या मनात पहिल्यांदा डोंगर बघायची इच्छा जागी होते, आणि बाहेर कोणाची तरी शेकोटी पेटलेली दिसताच तो घाबरून परत भानावर येतो. ऐकणारं मूलही त्याच्याबरोबर तिथे बसलेलं असतं. आधीच सगळं दाखवून टाकल्यावर त्या गाण्यात नवं काय उरलं?

पाऊलवाट

काका, किती छान लिहिलंत.

मला पिंपांच्या प्रसंगाबद्दल लिहायचंय. एल्फ राजाच्या तुरुंगात सगळे ड्वार्फ कोंडलेले असतात आणि बिल्बो अदृश्य होऊन बरेच दिवस त्या महालात एकटाच वावरतो. चोरून खातो, कोपऱ्यात झोपतो, कोण कुठल्या कोठडीत आहे हे शोधतो, एकाचे निरोप दुसऱ्याला पोचवतो. मग पहारेकरी दारू पिऊन झोपले की किल्ल्या काढतो, ड्वार्फांना रिकाम्या पिंपांत गवत भरून नीट बसवतो, झाकणं लावतो. शेवटी लक्षात येतं की आपल्याला पिंपात बसवायला कोणीच उरलं नाही! मग तो गार पाण्यात एका पिंपाला लटकून जातो आणि त्याला असली सर्दी होते की गावातल्या मेजवानीत आभार मानायला उभा राहतो तर नाक चोंदल्यामुळे शब्द धड फुटत नाहीत.

माझी मुलगी या सर्दीवर खूप हसली. ड्रॅगनच्या गोष्टीतला माणूस आपल्यासारखा शिंकतो, हे तिला फारच आवडलं.

चित्रपटात पिंपं उघडी, किनाऱ्यावर ऑर्क नावाचे राक्षस, ड्वार्फांच्या डोक्यांवर पाय देत लेगोलास बाण मारतोय, किलीला विषारी बाण लागतो. पाच मिनिटं टाळ्या मिळाल्या असतील, पण सगळ्यांना सुखरूप बाहेर काढणारा जो सावध, चिकाटीचा बिल्बो आहे तो कुठे गेला?

कातळकडा

आणि अ‍ॅझॉग! चित्रपटात थोरिनच्या मागावर असलेला हा ऑर्क टॉल्कीनच्या जगात या गोष्टीच्या कितीतरी आधी मेलाय, डाइन या ड्वार्फच्या हातून. पाच सैन्यांच्या लढाईत गॉब्लिनांचा (पुस्तकात ऑर्कांचं हेच नाव) म्होरक्या असतो तो त्याचा मुलगा बोल्ग. केवळ एक खलनायक सतत मागावर हवा म्हणून बापाला जिवंत ठेवलं. त्यामुळे पहिल्या भागाच्या शेवटी बिल्बोला तलवार घेऊन ऑर्कवर धावून जावं लागतं, तेव्हा कुठे थोरिन त्याला मिठी मारतो. पुस्तकात त्या वेळी बिल्बो डोरी या ड्वार्फच्या पायांना लटकून गरुडाबरोबर हवेत असतो, डोळे घट्ट मिटून. त्याची किंमत कळायला त्याने कोणाला भोसकायची गरज पडत नाही.

शेवंती

या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला आले. मिठी पाहताना तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, पण खरंय, पहिल्याच भागात मान मिळाल्यावर जंगलातल्या कोळ्यांच्या प्रसंगाला करण्यासारखं काही उरत नाही.

चिंचबन

सगळे प्रतिसाद वाचले. माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. त्याला काय दाखवू? मित्रांनी पाहिलेत म्हणून तो चित्रपटांसाठी मागे लागलाय.

फ्रेमबायफ्रेम

पहिल्या भागातला गॉलमचा, म्हणजे गुहेत राहणाऱ्या त्या विचित्र प्राण्याचा, प्रसंग दाखवा, वाचून झाल्यावर. पाचवं प्रकरण, काळोखातली कोडी. फ्रीमन आणि गॉलम झालेला अँडी सर्किस या दोघांचं चित्रीकरण याच प्रसंगाने सुरू झालं आणि त्यांनी तो नाटकासारखा सलग, पुन्हा पुन्हा केला. दोन नट, एक गुहा, कोडी. तिन्ही चित्रपटांत पुस्तकाच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच भाग आहे. बिल्बो गॉलमला मारू शकत असतो आणि मारत नाही, तो क्षणही त्यांनी अचूक पकडलाय.

१९७७ सालचा एक अ‍ॅनिमेशनपटही आहे, अमेरिकन टीव्हीसाठी केलेला, ७७ मिनिटांचा. बेऑर्न, म्हणजे अस्वलाचं रूप घेणारा माणूस, त्यात नाही आणि बरंच काही पटापट उरकलंय, पण गाणी आहेत, आणि बिल्बो बिल्बोच आहे. काही चाहत्यांनी जॅक्सनचे तिन्ही भाग कापून एकच सलग चित्रपट केलाय, चारेक तासांचा. टॉरिएल आणि किलीचं प्रकरण त्यात काढून टाकलंय. संकलक म्हणून सांगतो, तो मूळ तिन्हींपेक्षा बांधेसूद आहे, पण साडेसात वर्षांच्या मुलाला तोही नको.

जुनीपेठ

आधी वाचून दाखवा. इंग्रजी जड वाटलं तर मराठी अनुवाद मिळतो. एका वेळी एकच प्रकरण.

सहकारनगरकर

@चिंचबन, काकांनी सांगितलंय तेच. फक्त सातवं प्रकरण, बेऑर्नचं, घाईत उरकू नका. गॅन्डाल्फ गोष्ट रंगवत राहतो आणि ड्वार्फ दोन-दोन करून येत राहतात, कारण तेरा जण एकदम दारात उभे केले तर बेऑर्न हाकलून देईल. आमच्याकडे मुलं प्रत्येक जोडी आली की मोठ्याने आकडा ओरडायला लागली होती. तुमच्या मुलालाही मोजू द्या. आणि गाणी गाळू नका, चाल येत नसली तरी. गॉब्लिनांची गाणी तर अजिबात नाही, ती मुलांना सगळ्यात लवकर पाठ होतात.